जुन्या मनगटी घड्याळाची ओळख आणि किंमत



आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं, कपाटाच्या खणांत किंवा एखाद्या पत्र्याच्या डब्यांत, वडिलांचें अथवा आजोबांचें एक मनगटी घड्याळ पडलेलें असतें. त्याचा पट्टा कुजलेला असतो, कांच धुरकट झालेली असते, आणि किल्ली दिली तर तें चार मिनिटें चालून थांबतें. तें टाकवत नाहीं आणि वापरतांहि येत नाहीं. मग केव्हां तरी घराची आवराआवर होते, वांटणीचा विषय निघतो, किंवा पैशाची नड लागते, आणि या घड्याळाची किंमत काय, असा प्रश्न उभा राहतो. अशा वेळीं घरांत बहुधा दोन मतें पडतात. एक म्हणतो, "स्विस आहे, लाखाचें असेल." दुसरा म्हणतो, "भंगार आहे, देऊन टाका." गंमत अशी कीं, दोघांनींहि त्या घड्याळाचें मागचें झांकण उघडलेलें पाहिलेलें नसतें.

मी घड्याळजी नव्हें. शाळेंत मुलांना गणित आणि शास्त्र शिकविण्यांत माझा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर आमच्या पेठेंतील एका घड्याळजीच्या दुकानांत बसण्याचा मला नाद लागला, आणि डोळ्याला भिंग लावून तो काय पाहतो हें मी शिकत गेलों. त्या अनुभवावरून आज चार गोष्टी सांगणार आहें. त्या सर्वांचें सार एका वाक्यांत येतें. ओळख आधीं करावी, किंमत मागाहून ठरवावी, आणि हीं दोन्ही कामें होईपर्यंत घड्याळांत कसलाहि फेरबदल करूं नये.

यांतला शेवटचा भाग आधीं घेतों, कारण नुकसान तेथेंच होतें. जुनें घड्याळ हातीं आलें म्हणजे मनुष्य पहिल्यानें त्याला भरपूर किल्ली देतो. घड्याळांतील चक्रांच्या आंसांचीं टोकें अत्यंत बारीक असतात, आणि तीं जेथें टेकतात तेथें तेलाचा अगदीं सूक्ष्म थेंब ठेवलेला असतो. वीस-तीस वर्षांत हें तेल आटून चिकट होतें व त्यांत धूळ मिसळते. अशा स्थितींत घड्याळ बळेंच चालविलें तर तीं टोकें झिजतात. म्हणून किल्लीचे चार-पांच हलके फेरे द्यावे, यंत्र जिवंत आहे कीं नाहीं एवढें पहावें, आणि थांबावें. किल्ली अडत असेल तर जोर करूं नये. झांकण चाकूनें उचकटूं नये. कवचावरचे ओरखडे घासून काढूं नयेत, आणि तबकडीला तर कापूस, स्पिरिट, पाणी यांपैकीं कांहींहि लावूं नये. घड्याळ सेलवर चालणारें असेल तर एकच गोष्ट मात्र तांतडीनें करावी. त्यांतील जुना सेल घड्याळजीकडून काढून घ्यावा. वर्षानुवर्षें आंत राहिलेला सेल पाझरतो आणि यंत्र खातो.

आतां ओळखीकडे वळूं. पहिला प्रश्न असा कीं, घड्याळ किल्लीचें कीं सेलचें? तें चालत असेल तर सेकंदकांट्याकडे पहावें. सेलच्या बहुतेक घड्याळांत तो सेकंदाला एकच उडी मारतो. किल्लीच्या घड्याळांत तो जवळजवळ सरकत असल्यासारखा दिसतो. जुन्या यंत्रांपैकीं बरींच तासाला १८,००० ठोके देतात. १८,००० ला ३,६०० नीं भागलें कीं सेकंदाला ५ येतात. म्हणजे कांटा सेकंदांत पांच बारीक पावलें टाकतो, आणि डोळ्याला तीं अखंड भासतात. सेलच्या स्फटिक-घड्याळांचा काळहि लक्षांत ठेवण्यासारखा आहे. असें पहिलें मनगटी घड्याळ जपानच्या सेको कंपनीनें २५ डिसेंबर १९६९ रोजीं टोकियोंत विक्रीस आणलें. त्या वेळीं त्याची किंमत ४,५०,००० येन होती. तेव्हां आजोबांचें घड्याळ सेलचें असेल आणि "तें स्वातंत्र्यापूर्वींचें आहे" असें कोणी सांगत असेल, तर त्या हकीकतींत कोठें तरी घोटाळा आहे.

किल्लीच्या घड्याळांतहि दोन भेद आहेत. एकाला रोज किल्ली द्यावी लागते. दुसरें हाताच्या हालचालीनें आपोआप भरतें. त्याच्या तबकडीवर बहुधा 'ऑटोमॅटिक' असें लिहिलेलें असतें, आणि घड्याळ हलकेंच हलविलें तर आंत एक जड अर्धचंद्राकार वजन फिरल्याचें हाताला कळतें.

दुसरी पायरी तबकडीची. आपण तबकडीवरचें नांव वाचतों आणि ओळख संपली असें समजतों. वस्तुतः ती तेथें फक्त सुरू होते. स्वित्झर्लंडमध्यें घड्याळांचा धंदा पूर्वींपासून वांटलेला होता. एटा, ए. शिल्ड, उनितास यांसारखे कारखाने यंत्रें बनवीत, कवचें दुसरे कोणी बनवीत, तबकड्या तिसरे बनवीत, आणि शेंकडों लहानमोठ्या पेढ्या हें सर्व एकत्र जुळवून त्यावर आपलें नांव घालीत. यामुळें दोन निरनिराळ्या नांवांच्या घड्याळांत एकच यंत्र आढळतें. तबकडीच्या तळाशीं, सहाच्या आंकड्याखालीं, अगदीं बारीक अक्षरांत 'स्विस मेड' असे शब्द असतात तेहि पहावे. ते अक्षर कसें छापलें आहे याला पुढें फार महत्त्व येणार आहे.

तिसरी पायरी मागच्या झांकणाची. येथें एक फसगत वारंवार होते. झांकणावर 'स्टेनलेस स्टील बॅक' असें लिहिलेलें असतें, आणि आपण सबंध घड्याळ पोलादाचें आहे असें समजतों. शब्दांचा अर्थ नीट पाहिला तर फक्त पाठ पोलादाची आहे एवढेंच तें वाक्य सांगतें. बाकीचें कवच पितळेचें असून त्यावर क्रोमचा किंवा सोन्याचा मुलामा असूं शकतो. जेथें पट्टा अडकतो त्या शिंगांच्या कोपऱ्यांवर मुलामा उडून पिवळें पितळ दिसूं लागलें असेल, तर पुरावा समोरच आहे.

सोन्याविषयीं तर घरोघर भ्रम आहेत. 'गोल्ड प्लेटेड', 'रोल्ड गोल्ड', '२० मायक्रॉन' हे सर्व शब्द सोन्याच्या पातळ थराचे आहेत, भरीव सोन्याचे नव्हत. २० मायक्रॉन म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहूं. १,००० मायक्रॉनांचा एक मिलिमीटर होतो, म्हणून २० मायक्रॉन म्हणजे ०.००२ सेंटिमीटर. घड्याळाच्या पुढच्या व बाजूच्या भागाचें क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर धरलें, तर थराचें घनफळ ०.०२ घन सेंटिमीटर येतें. १८ कॅरट सोन्याचें वजन दर घन सेंटिमीटरला सुमारें १५ ग्रॅम असतें. म्हणजे सगळा मुलामा खरवडून काढला तरी ०.३ ग्रॅम धातु मिळेल, आणि त्यांत शुद्ध सोनें पाव ग्रॅमहूनहि कमी असेल. एवढ्यासाठीं घड्याळ मोडीत घालणाऱ्याला काय म्हणावें?

भरीव सोन्याच्या कवचावर आंतल्या बाजूस ठसे असतात. १८ कॅरटला ०.७५० आणि १४ कॅरटला ०.५८५ असा आंकडा असतो. स्वित्झर्लंडच्या जुन्या सरकारी ठशांत १८ कॅरटसाठीं हेल्व्हेशिया देवीचें मस्तक आणि १४ कॅरटसाठीं खार असे. चांदीच्या ०.८७५ शुद्धतेसाठीं अस्वल असे. १९९५ पासून या निरनिराळ्या चित्रांच्या जागीं सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्याचें मस्तक आलें. तेव्हां झांकणाच्या आंत खारीचें चित्र दिसलें तर तें लहान मुलाचें खेळणें समजूं नये.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि ती घरीं करावयाची नाहीं. ओळखीच्या घड्याळजीकडे जावें, आपल्यासमोर झांकण उघडावयास सांगावें, आणि आंतील यंत्राचें व झांकणाच्या आंतल्या बाजूचें मोबाइलवर स्वच्छ छायाचित्र घ्यावें. तेथें तीन प्रकारचे क्रमांक असूं शकतात, आणि त्यांची गल्लत करूं नये. यंत्रावर, बहुधा मागेंपुढें झुलणाऱ्या चाकाच्या जवळ किंवा त्याच्या खालीं, यंत्राच्या जातीचा क्रमांक असतो. त्याला कॅलिबर म्हणतात. दुसरा अनुक्रमांक. तो त्या एकट्या घड्याळाचा असतो. तिसरा कवचाच्या नमुन्याचा क्रमांक, जो झांकणाच्या आंत असतो. शाळेच्या भाषेंत सांगावयाचें तर कॅलिबर म्हणजे इयत्ता, जी पुष्कळांची मिळून एक असते. आणि अनुक्रमांक म्हणजे जनरल रजिस्टरांतील नंबर, जो ज्याचा त्याचा असतो.

अनुक्रमांकावरून कांहीं कंपन्यांच्या घड्याळांचें वय अजमासानें सांगतां येतें. उदाहरणार्थ, ओमेगा कंपनीच्या यंत्रांवरचा क्रमांक १९४४ च्या सुमारास १ कोटीपर्यंत, १९५८ च्या सुमारास १ कोटी ६० लाखांपर्यंत, आणि १९६९ च्या सुमारास ३ कोटींच्या आसपास पोंचला होता. हा हिशेब सर्व कंपन्यांना लागूं पडत नाहीं, हें मात्र ध्यानांत ठेवावें. झांकणाच्या आंत कधीं कधीं सुईनें कोरलेलीं बारीक अक्षरें व आंकडे दिसतात. त्या पूर्वींच्या घड्याळजींनीं दुरुस्तीच्या वेळीं केलेल्या खुणा होत. त्या घाण समजून घासूं नयेत. घड्याळाच्या आयुष्याची ती नोंदवही आहे.

यंत्रावर किंवा तबकडीवर '१७ ज्वेल्स' असें लिहिलेलें पाहून पुष्कळांना वाटतें कीं, आंत सतरा रत्नें आहेत, तेव्हां किंमतहि तशीच असणार. हीं माणकें खरोखर माणकेंच असतात, पण तीं कृत्रिम असतात. फ्रान्समधील ऑग्युस्त व्हर्नेय या रसायनशास्त्रज्ञानें १९०२ मध्यें माणीक कारखान्यांत बनविण्याची रीति प्रसिद्ध केली, आणि तेव्हांपासून घड्याळांतील माणकें अगदीं स्वस्त झालीं. आंसांचीं टोकें धातूवर घासून झिजूं नयेत म्हणून तीं बसविलेलीं असतात. त्यांची संख्या यंत्राच्या दर्जाची थोडीफार कल्पना देते. रत्न म्हणून त्यांचें मोल जवळजवळ शून्य आहे.

आतां आपल्याकडील घरांत सामान्यतः कोणतीं घड्याळें निघतात तें पाहूं. मनगटी घड्याळ पुरुषांच्या हातांवर रूढ झालें तें मुख्यतः १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत. खंदकांत खिशांतलें घड्याळ काढून पाहणें सैनिकांना अडचणीचें होई. सातारा जिल्ह्यासारख्या भागांत लष्करी पेशाचीं घराणीं पुष्कळ आहेत, आणि तेथें दोन्ही महायुद्धांच्या काळचीं घड्याळें अद्याप सांपडतात. अशा घड्याळाच्या पाठीवर बाणाच्या टोकासारखी खूण असेल तर ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण होय, आणि ती दिसल्यास घड्याळ जाणत्या माणसाला दाखविल्याशिवाय विकूं नये. त्या काळचें आपल्याकडील अति परिचयाचें नांव म्हणजे वेस्ट एण्ड वॉच कंपनी. मुंबई व कलकत्ता येथें तिच्या पेढ्या होत्या, माल स्विस होता, आणि तिच्या 'सोवार' या घड्याळाचें नांव आपल्या 'स्वार' या शब्दावरूनच घेतलेलें आहे. दुसरें नांव फेवर लुबाचें. स्वित्झर्लंडमधील ही पेढी आपला आरंभ १७३७ सालचा सांगते, आणि हिंदुस्थानाशीं तिचा व्यापार १८६५ पासूनचा आहे. तिचीं 'सी चीफ', 'सी किंग' हीं घड्याळें महाराष्ट्रांतील कितीएक शिक्षकांच्या, कारकुनांच्या व गिरणींतील जॉबरांच्या मनगटांवर असत.

त्यानंतरचा काळ एच्. एम्. टी. चा. बंगळूर येथें जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें १९६१ मध्यें हा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. 'जनता', 'पायलट', 'कांचन', 'कोहिनूर' हीं नांवें आपल्या कानांवरून गेलेलीं आहेत. कांहीं तबकड्यांवर नांव देवनागरींत असतें. पास झाल्याबद्दल, नोकरी लागल्याबद्दल, लग्नांत जांवयाला, असें हें घड्याळ घरोघर आलें. जानेवारी २०१६ मध्यें केंद्र सरकारनें एच्. एम्. टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली, आणि त्यानंतर संग्राहकांचें लक्ष या घड्याळांकडे अधिक वळलें. तथापि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. 'जनता' सारखीं घड्याळें फार मोठ्या संख्येनें बनलीं. जी वस्तु पुष्कळ आहे तिची किंमत बेताचीच राहते. अशा घड्याळाच्या साफसफाईचा खर्च कधीं कधीं त्याच्या बाजारभावाहून अधिक होतो. यांत घड्याळाचा कमीपणा नाहीं; तो केवळ पुरवठ्याचा व मागणीचा हिशेब आहे.

यानंतरचा मुद्दा सर्वांत नाजुक आहे. जगभरच्या संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' असा एक शब्दप्रयोग रूढ आहे, आणि तो आपल्याला भूषणावह नाहीं. जुन्या घड्याळाची तबकडी खरवडून तिच्यावर नवा भडक रंग द्यावयाचा, त्यावर प्रसिद्ध नांव छापावयाचें, निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून कवच चकचकीत करावयाचें, आणि 'जुनें, पण नव्यासारखें' म्हणून तें विकावयाचें, या मालाला तें नांव पडलें आहे. असें घड्याळ ओळखण्याच्या कांहीं खुणा सांगतों. भिंगांतून पाहिलें असतां अक्षरें जाडीं किंवा पसरलेलीं दिसतात. मिनिटांच्या रेघा आंकड्यांच्या मधोमध येत नाहींत. तळचें 'स्विस मेड' गळालेलें असतें किंवा वेडेंवांकडें असतें. कवच पन्नास वर्षांचें झिजलेलें आणि तबकडी मात्र काल रंगविल्यासारखी असते. आणि तबकडीवर एका कंपनीचें नांव असतां यंत्रावर दुसऱ्याच कंपनीचें नांव कोरलेलें असतें.

हें सांगण्याचें कारण केवळ विकत घेणाऱ्याला सावध करणें हें नाहीं. आपल्या घरचें अस्सल घड्याळ आपणच पैसे देऊन असें करून घेतों, हें अधिक दुःखाचें आहे. माझा एक जुना विद्यार्थी आपल्या वडिलांचें ओमेगा घड्याळ घेऊन आला होता. वडील रेल्वेंत होते. तबकडी पिवळट पडली होती व तिच्यावर बारीक ठिपके उठले होते. तो म्हणाला, "गुरुजी, दुकानदार म्हणतो, नवीन तबकडी मोफत घालून देतों, पॉलिशहि करतों, नाहीं तर मोडीच्या भावानें मलाच द्या. आम्हां तिघां भावंडांत याची वांटणी व्हावयाची आहे. काय करूं?" मीं त्याला आमच्या घड्याळजीकडे नेलें. झांकण उघडलें तेव्हां आंत तांबूस झांक असलेलें ओमेगाचेंच यंत्र निघालें. त्यावरचा क्रमांक १ कोटी ३० लाखांच्या पुढचा होता, म्हणजे घड्याळ १९५२ च्या आसपासचें. वडिलांची नोकरी १९५३ मध्यें लागली होती, आणि पहिल्या पगारांतून घड्याळ घेतल्याची आईची आठवण त्याशीं जुळली. तबकडी, कांटे, कवच सर्व मूळचें होतें. मीं त्याला एवढेंच सांगितलें कीं, बाबा, हा पिवळेपणाच याचा दाखला आहे. तो पुसूं नकोस. त्यानें तीन निरनिराळ्या ठिकाणीं विचारणा केली. तिन्ही आंकडे एकमेकांपासून बरेच दूर होते, पण सर्वांत कमी आंकडासुद्धां दुकानदाराच्या मोडीच्या भावाहून कितीतरी अधिक होता. शेवटीं मधला आंकडा धरून थोरल्या बहिणीनें तें आपल्याकडे ठेवलें आणि दोघां भावांना त्यांचा हिस्सा दिला. तबकडी बदलली असती तर हिस्सा करण्याजोगें फारसें कांहीं उरलेंच नसतें.

जुन्या तबकडीला हात लावूं नये याला आणखी एक कारण आहे, आणि तें पैशाचें नसून प्रकृतीचें आहे. अंधारांत चमकावेत म्हणून पूर्वीं आंकडे व कांटे रेडियमयुक्त रंगानें रंगवीत. १९२० च्या सुमारास अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतांतील एका कारखान्यांत तरुण मुली हा रंग भरतांना कुंचला ओठांनीं टोंकदार करीत. त्यांतील कितीएकींचे जबडे सडले व कितीएक मृत्यु पावल्या. त्यांचा खटला १९२८ मध्यें तडजोडीनें मिटला, पण त्यामुळें जगाचे डोळे उघडले. १९६० नंतरच्या दशकांत रेडियमची जागा ट्रिटियम या सौम्य द्रव्यानें घेतली, आणि अशा तबकड्यांच्या तळाशीं 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंस 'टी' हें रोमन अक्षर आढळतें. पुष्कळांचा समज असा असतो कीं, घड्याळ आतां चमकत नाहीं म्हणजे त्यांतलें रेडियम संपलें. तसें नाहीं. चमकणारें द्रव्य निकामी झालेलें असतें. रेडियमचें तेज अर्ध्यावर येण्यास सुमारें १,६०० वर्षें लागतात, म्हणजे आजोबांच्या घड्याळांतील रेडियम जवळजवळ होतें तेवढेंच आहे. कांच शाबूद असलेलें घड्याळ पेटींत ठेवण्यांत मोठा धोका नाहीं. पण तें सदासर्वदा अंगाशीं वागवूं नये, आंतील रंग खरवडूं नये, त्याची पूड श्वासांत किंवा पोटांत जाऊं देऊं नये, मुलांच्या हातीं देऊं नये, आणि कांच फुटली असेल तर घड्याळ बंद पिशवींत ठेवून घड्याळजीला आधींच तशी कल्पना द्यावी.

आतां किंमतीकडे येऊं. किंमत ठरतांना सामान्यतः पुढील गोष्टी पाहिल्या जातात. कंपनी व नमुना कोणता. तो विरळा कीं विपुल. सर्व भाग मूळचे कीं बदललेले. कवचाच्या कडा शाबूद कीं घासून गोल झालेल्या. यंत्र चालू कीं बंद. आणि सोबत मूळची पावती, डबी किंवा हमीपत्र आहे कीं नाहीं. यांत घड्याळ बंद असणें हें लोकांना सर्वांत मोठें वैगुण्य वाटतें. जाणत्याच्या दृष्टीनें बंद पण अस्सल घड्याळ हें चालू पण रंगविलेल्या घड्याळाहून पुष्कळदां अधिक मोलाचें असतें. बंद पडलेलें यंत्र पुष्कळदां सुरू करतां येतें. पुसलेली तबकडी परत येत नाहीं.

व्यवहारांत चार पथ्यें पाळावीं. पहिलें, कोणी किती मागतो यावरून किंमत ठरवूं नये. प्रत्यक्ष किती रुपयांना विक्री झाली तें पहावें. जाहिरातींत मागणारा वाटेल तो आंकडा घालूं शकतो. दुसरें, जो विकत घेणार आहे त्याच्याच तोंडून किंमत ठरवून घेऊं नये. किंमत सांगणारा आणि घेणारा हे शक्य तों निराळे असावेत, आणि निदान तिघांना विचारावें. तिसरें, घड्याळ दुरुस्तीस किंवा परीक्षेस ठेवून यावें लागलें तर क्रमांकांची नोंद व छायाचित्रें आपल्याजवळ ठेवावीं आणि पावतीवर अनुक्रमांक लिहून घ्यावा. नांवाची पावती पुरेशी नाहीं, कारण त्या नांवाचीं घड्याळें हजारों असतात. चौथें, दुरुस्ती करवूनच घ्यावयाची असेल तर "यंत्र साफ करा, तेल द्या, बाकी कांहीं बदलूं नका" असें स्पष्ट सांगावें, आणि एखादा भाग बदलणें भागच पडलें तर काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा. किल्ली, कांटे, कांच यांसारखे काढलेले भागहि पुढें उपयोगीं पडतात.

कोणी विचारील, "हें सर्व करून शेवटीं घड्याळ सामान्यच निघालें तर?" बहुतेक घरांत तसेंच होणार, आणि तें आधींच मनांत धरलेलें बरें. पण त्या शोधांतहि कांहीं मिळतें. घड्याळ साधारण कोणत्या सालचें हें कळलें कीं, तें कोणीं, केव्हां, कोणत्या प्रसंगानें घेतलें याचा उलगडा होऊं लागतो. बाजारभाव कमी निघाला तर विकण्याचा मोह उरत नाहीं, आणि वांटणींतला तंटाहि मिटतो. मग साफसफाईचा खर्च परवडत असेल तर करावा आणि घड्याळ सणावारीं हातांत घालावें. परवडत नसेल तर कोरड्या जागीं, दमट भिंतीपासून दूर, मऊ फडक्यांत गुंडाळून ठेवावें. कोंकणासारख्या पावसाळी मुलखांत याची विशेष काळजी घ्यावी, कारण गंजासारखा घड्याळाचा दुसरा वैरी नाहीं. आणि भाव मोठा निघालाच, तर विकावें कीं ठेवावें हें सर्वांनीं एकत्र बसून, खरा आंकडा समोर ठेवून ठरवावें.

शेवटीं एक काम सांगतों. त्याला खर्च नाहीं आणि तें आज रात्रींच होण्यासारखें आहे. घरांत म्हातारें माणूस असेल तर त्याच्याजवळ बसून त्या घड्याळाची हकीकत विचारावी. कोणाचें, कोठें घेतलें, कितीला घेतलें, केव्हां बंद पडलें, हें सर्व एका चिठ्ठीवर लिहावें. खालीं तारीख घालावी आणि चिठ्ठी घड्याळाशेजारीं ठेवावी. यंत्राचा क्रमांक पन्नास वर्षांनींहि कोणाला वाचतां येईल. माणसाच्या आठवणींतली माहिती मात्र त्याच्याबरोबर जाते, आणि मग ती कोणत्याहि भिंगांतून दिसत नाहीं.